लसणाचा वास

४ जून

ताई,

नमस्कार-चमत्कार धरून चाल. फोनवर आपलं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे जात नाही, दोघींपैकी एक तरी तो आपटतेच, म्हणून लिहितेय. तेही बाबांनी टुमणं लावलं म्हणून. "तिनं अख्खी नोकरी दगड दळण्यात घालवली, तिला विचार ना," असं रोज चहाबरोबर ऐकवतात.

सोबत चष्म्याच्या डबीत एक दगड आहे. रविवारी चष्म्याचं दुकान बंद असतं तेव्हा मी काही मंडळींबरोबर टेकडीमागच्या ओढ्यात जाते. तिथं जुन्या बंद खाणीचे खड्डे आहेत. आम्ही वाळू चाळतो, गारगोट्या फोडतो, काय सापडतं ते बघतो. कोणाला मासे धरायचा छंद असतो, आम्हाला हा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. आमच्यात एक जाणता माणूस आहे, त्याला सगळे 'हातोडा' म्हणतात. तो म्हणाला, असेलही, नसेलही. दुकानातल्या भिंगाखाली धरला तर आत पिवळंधमक दिसतंय.

तू कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतीस, तुला कळायला हवं. सोनं आहे की नाही, एका ओळीत कळव. घर विकायचा विषय काढू नकोस. बाबा तुझ्याकडे येणार नाहीत, हे त्यांनीच तुला सांगितलंय. हल्ली विसरतात फार, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात, पण हे त्यांना पक्कं आठवतं.

धाकटी

११ जून

धाकटे,

एका ओळीत: सोनं नाही.

तुझी ओळ संपली. आता पुढचं माझ्या खुशीनं.

हे भिंगाचं काम नाही. न्हाणीघरातली उरलेली एखादी फरशी घे आणि उलटी कर. मागच्या खरखरीत बाजूवर दगड घास. सोनं असतं तर पिवळी रेघ उठली असती. तुझ्या दगडानं कोळशासारखी काळी ओढली. मग सुई टोच. सोनं मऊ असतं, सुईनं खळगा पडतो. तुझ्या दगडाचा भुगा झाला. उन्हात धरून फिरव. सोनं सगळीकडून सारखंच पिवळं, सावलीतसुद्धा. हे लुकलुकतं आणि मधेच विझतं. शिवाय त्यात चौकोनी फासे दिसतायत ना? तेवढ्यावरून दारातच ओळखायला हवं होतंस. लोखंड आणि गंधक, बाकी काही नाही. आमच्या प्रयोगशाळेत याला येड्याचं सोनं म्हणायचे. नाव मी ठेवलेलं नाही.

चोपन्नाव्या वर्षी ओढ्यात बसून वाळू चाळतेस. चाळ. पण रविवारी अख्खा दिवस बाबांपाशी कोण असतं, ते तू लिहिलं नाहीस. माझ्याकडे तळमजला आहे, अंगण आहे, माणसांची ये-जा आहे. तुझ्याकडे तीन जिने आणि बंद दार. ते स्वतः नको म्हणाले म्हणतेस. ते माझ्याशी फोनवर बोलत असताना तू शेजारी उभी असतेस, हे मला इकडे ऐकू येतं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

ताई

२ जुलै

ताई,

गुडघ्याचं कळलं. उंटावरून शेळ्या हाकायला गुडघा लागत नाही, त्यामुळे तुझं काही अडलं नसेल.

फरशीवर घासून पाहिलं, सुईही टोचली. पहिल्या दगडाबद्दल तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला किती जड गेलं, ते तुला कळून तू खूश होशील, म्हणून लिहिते. पण आता निराळाच दगड मिळालाय. जुन्या खड्ड्याच्या तळाला गारगोटीची एक पांढरी शीर आहे, तिच्यात. पिवळा नाही, चांदीसारखा पांढुरका, वरून गंजलेला, हातात घेतला की आकाराच्या मानानं जड. हा फरशीवर करडी रेघ ओढतो. हातोडा म्हणाला, नवशिक्यांनी दगड भाजून बघावा, नको ते उडून जातं आणि सोनं असेल तर मागे राहतं. म्हणून रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर खलबत्त्यात थोडं कुटते आणि जुन्या लोखंडी तव्यावर भाजते. वाऱ्यानं शेगडी विझते म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते. पांढरा धूर निघतो, मग तांबूस भुकटी उरते. ती धुऊन भिंगाखाली बघायची. परवा दोन कण दिसले. पिवळे. सुईनं दबले, फुटले नाहीत.

एवढं झाल्यावर आता बाबांचं ऐक, म्हणजे तिकडे अंगणात बसून सल्ले देणं किती सोपं आहे ते कळेल. त्यांचं डोकं चालेनासं झालंय. रोज संध्याकाळी एकच प्रश्न: लसूण कोण जाळतंय? घरात लसणाची पाकळी नाही, त्यांना सोसत नाही म्हणून मी कधीच आणणं सोडलंय. डबे उघडून दाखवले तरी पटत नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्याचा तोरा. "लिफ्टची वायर जळायच्या आधी मला खालच्या मजल्यावर वास यायचा, मला शिकवू नकोस," म्हणतात. मला तर कसलाच वास येत नाही, त्या तापानंतर माझं नाक कामातून गेलंय, म्हणून वाद घालायचीही सोय नाही. पोट बिघडलंय त्यांचं, जेवण उलटतं. पायाला मुंग्या चावतात म्हणून रात्रभर तळवे घासत बसतात. मुंगी नाही ना मुंगळा. डॉक्टर फोनवर म्हणाले, वय झालं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, ताई.

धाकटी

७ जुलै, कुरिअरनं

धाकटे,

फोन केला, तू कापलास. परत केला, बंद होता. हे पत्र हातात पडेल तेव्हा उभ्यानं वाच आणि आधी शेगडी बंद कर.

बाबांचं डोकं शाबूत आहे. तो लसणाचाच वास आहे. तुझा पांढरा दगड तापला की तसाच वास सुटतो, आणि तो धूर म्हणजे सोमल. उंदराला घालतात तो सोमल. पोट बिघडणं, पायाला मुंग्या, सगळं त्याचंच. तू दाराखिडक्या लावून रोज त्यांना तो पाजते आहेस.

आता सांगते तसं कर. दगड भाजायचा नाही, कुटायचा नाही. तवा आणि खलबत्ता पिशवीत बांधून घराबाहेर काढ. ओटा, जमीन, भिंती ओल्या फडक्यानं पूस, कोरडा केर काढू नकोस, ती पूड परत उडते. आणि बाबांना मोठ्या दवाखान्यात ने. लघवीची तपासणी करा, सोमलासाठी, असं स्पष्ट सांग, नाहीतर ते परत वय झालं म्हणतील. स्वतःचीही कर.

त्या दगडात सोनंबिनं काही नसतं. मी असले पोत्यांनी पाहिलेत. नको तो नाद सोड आणि ते गाठोडं कुठंतरी खोल पुरून टाक.

उत्तराची वाट बघतेय. उत्तर दवाखान्यातून यायला हवं.

ताई

१२ जुलै

ताई,

तुझं कुरिअर उभ्यानंच वाचलं, आधी शेगडी बंद केली. दुकानात रजा टाकली, ओटा पुसला, तवा जिन्याखाली नेऊन ठेवला. मग पत्र घेऊन हातोड्याकडे गेले. तो तुझ्यासारखा बारा गावचं पाणी प्यायलेला नाही. त्यानं कपाटातून पुस्तक काढलं आणि पान उघडून समोर ठेवलं. पांढुरका, जड, आपटल्यावर लसणाचा वास येणारा दगड. आणि खाली लिहिलंय, पुष्कळदा सोनं याच्याच संगतीनं सापडतं. हातोडा म्हणाला, "ही तर सोन्याची पाठराखीण. ही दिसली की नवरी मागेच असते."

तू पोत्यांनी पाहिलेत, आणि तुला एवढं माहीत नव्हतं? माहीत होतं. तुला फक्त मी ते पुरून टाकायला हवं होतं. मला काही मिळालं, तर ही जागा विकायचा तुझा बेत फसतो. आणि बाबा म्हातारचळले नाहीत, मीच त्यांना विष घालतेय, असं ठरलं की त्यांना उचलून न्यायला तू मोकळी. काय डोकं आहे. एका पत्रात दोन पक्षी.

एक खोटं पकडलं, आता बाकीचं खरं कशावरून? हातोडा म्हणाला, धूर चांगला नसतोच, मोकळ्यावर करत जा. मग करतेय मोकळ्यावर. शेगडी गॅलरीत नेली. बाबांना सकाळी तिथंच उन्हाला बसवते आणि शेजारी माझं काम करते, तेवढीच त्यांना सोबत. दवाखान्यात नेलेलं नाही. तीन जिने त्यांना उतरवून परत चढवायचं, ते तुझ्या एका खोट्यासाठी? तळव्यांना तेल चोळते, त्यानं बरं वाटतं म्हणतात.

यापुढचं पत्र उघडणार नाही.

धाकटी

१५ जुलै

हे पत्र तुझ्या नावावर आहे पण ह्यांच्या हातात देतेय. उघडणार नसशील तर हे दारात मोठ्यानं वाचून दाखवतील. जिन्यावरच्या सगळ्यांना ऐकू दे.

हो, सोन्याबद्दल मी खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तू तो दगड सोडला असतास का? नसतास. लहानपणापासून ओळखते तुला, नको म्हटलं की तेच हवं. म्हणून वाटलं, सोनं नाही म्हटलं की हात झटकशील. आणि खरं सांगायचं तर तुला ते मिळू नये असंही वाटलं. दोन्ही होतं. कुठलं जास्त, ते मोजत बसायला आत्ता वेळ नाही.

सोमल खोटा नाही. गॅलरीत म्हणे. धूर तुझं ऐकून सरळ वर जातो का? तो पडतो, कपड्यांवर, कठड्यावर, त्यांच्या मांडीवरच्या पांघरुणावर. मग त्याच हातांनी ते जेवतात.

माझा गुडघा वाकत नाही, नाहीतर मी स्वतः येऊन तुला गचांडी धरून बाजूला केलं असतं. ह्यांना सकाळच्या गाडीनं पाठवतेय. बाबांना घेतल्याशिवाय हे परत फिरणार नाहीत. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसतील. त्यांना बसता येतं चिक्कार, तुला माहीत आहे.

ताई

२० ऑगस्ट

ताई,

भावजींनी तुला फोनवर सगळं सांगितलं असेल. त्यांना पाल्हाळ जमत नाही, म्हणून राहिलेलं मी लिहिते. तुझ्या समाधानासाठी नाही. बाबांनी विचारलं, ताईला लिहिलंस का, आणि मी हो म्हणून बसले होते.

भावजी आले तेव्हा मी दाराच्या भिंगातून बघितलं आणि उघडलं नाही. ते खरोखर पायरीवर बसले. पत्र वाचून दाखवलं नाही, ते तुझं त्यांना शोभलं नसतं. नुसते बसले, अधूनमधून खोकत. बाबांनी गॅलरीतून विचारलं, कोण आलंय. मी म्हटलं, कोणी नाही.

"कोणी नाही, तो मघापासून खोकतोय," बाबा म्हणाले आणि उठले. भिंत धरून धरून दिवाणखाना ओलांडला. मी मधे गेले नाही, वाटलं, चार पावलांत थकून बसतील. बसले नाहीत. मग मी जमिनीकडे बघितलं. त्यांच्या मागे लाल ठसे उमटत होते. गॅलरीत माझ्या कुटलेल्या दगडाच्या कपच्या पडलेल्या, त्यातली एक त्यांच्या टाचेत रुतली होती, अर्ध्या बोटाएवढी. ते तिच्यावर भार देऊन चालत आले होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

कडी त्यांनीच काढली. म्हणाले, "या जावईबापू. घरात लसूण जळतोय, तेवढं सोसून घ्या."

भावजी उंबऱ्यात थांबले. नाक वर केलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अगं, लसणाचाच वास आहे हा."

इतके आठवडे आमच्याकडे कोणी आलंच नव्हतं. नाक असलेलं माणूस घरात एकच होतं आणि त्याला मी वेडं ठरवलं होतं.

मी शेगडी बंद केली. भावजींनी त्यांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवले. पुढचं तुला ठाऊक आहे. तपासणीत सोमल निघाला. माझ्यातही निघाला, कमी. आता त्यांच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा आल्यात. डॉक्टर म्हणतात, पायातली जाण परत येईल, बहुतेक येईल, पण महिने लागतील. बहुतेक या शब्दावर मी त्यांच्याशी भांडले. बदलून देता येत नाही म्हणाले.

आणि तुला हवं असेल तर हेही ऐक. हातोड्यानं तो दगड तपासणीला पाठवला होता. सोनं आहे. अंगठीपुरतं काढायचं तरी अख्खी शीर दळावी लागेल, आणि ते त्या सोमलातच अडकलेलं, घरात सुटण्यासारखं नाही. पण आहे. कागद वाचला तेव्हा मला काहीच वाटलं नाही, मग तुझा राग आला. तू पहिल्यांदाच लिहिलं असतंस की यात सोनं आहे आणि यानं बाबा मरतील, तर मी थांबले असते. तू म्हणशील नसते थांबले. ते आता तुलाही कळणार नाही आणि मलाही. ती संधी तू हिरावून घेतलीस, ताई. बाकी सगळं माझ्या डोक्यावर, ते मी कोणावर ढकलत नाही. तेवढं एक मात्र तुझ्या डोक्यावर ठेव.

त्यांना सोमवारी दवाखान्यातून सोडणार. तुझ्याकडे ने. तळमजला आहे, अंगण आहे. इकडच्या भिंती खरवडल्याशिवाय राहता येणार नाही, मी दुकानाच्या माळ्यावर झोपते. त्यांची गरम पांघरुणं टाकून दिली, नवीन घे. गाडीत बसवेन आणि जाईन. तू गाडीतून खाली उतरू नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही.

धाकटी

२८ ऑक्टोबर

धाकटे,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते सुखानं पार पडत होतं.

बाबांची तब्येत सांगते. जेवण राहतं पोटात. काठी घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंत जातात आणि तिथं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या इमारतीच्या लिफ्टचं काय बिघडलंय ते विचारतात. पायात जाण परत येतेय, पण ती अशी आलीय की चादर लागली तरी कळवळतात. डॉक्टर म्हणतात हे चांगलं लक्षण आहे. बघवत नाही मात्र.

आता थंडी सुरू झाली. पाय गार पडून चालणार नाहीत, मोजे घालावेच लागतात. मला घालू देत नाहीत. बोट लागलं की पाय ओढून घेतात. ह्यांनाही देत नाहीत. नर्स ठेवली, तिला दुसऱ्या दिवशी हाकललं. म्हणे, दवाखान्यात धाकटी घालायची. कसं घालायची, विचारलं तर म्हणतात, "ते सांगता येत नाही. ती घालायची." मी मोजा गुंडाळून बघितला, उलटा करून बघितला, पावडर लावून बघितली. काल ते माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्यावर ओरडायचं नव्हतं मला." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच होती ती.

त्यांना इकडे आणायला मी इतकी वर्षं भांडले. आणलं. आता रोज संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहतात, ते लिफ्टवाल्यांसाठी नव्हे, हे मला कळतं. मी आंधळी नाही.

तुझं मागचं पत्र मी पुन्हा वाचलं. जे माझ्या डोक्यावर ठेवलंस, ते ठेवलेलंच आहे. उतरवून घे म्हणत नाही. तुझं जे आहे तेही मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. तेव्हा गोड गैरसमज करून घेऊ नकोस. मी तुला बोलावत नाही, बाबांचे पाय बोलावतायत.

माडीवरची खोली रिकामी आहे. चष्म्याची दुकानं इथंही आहेत, चौकात एक जण हाताखाली माणूस शोधतोय, मी विचारून ठेवलंय, तुझं नाव सांगितलेलं नाही. घरात दगड आणायचा नाही, एकही नाही, पेपर दाबायलासुद्धा नाही.

आलीस तर मागच्या दारानं ये. ते दिवसभर उघडं असतं आणि सरळ बाबांच्या खोलीत निघतं. पुढच्या दारानं आलीस तर मला तुझ्याशी बोलावं लागेल.

ताई